वारा फिरेपर्यंत : गोराईच्या तळ्यावरचा माझा अनुभव

फ्लाय फिशिंग म्हटले की काश्मीर किंवा हिमाचलमधली थंड, खळाळती नदी आणि तिच्यातला ट्राउट डोळ्यांसमोर येतो. मी मात्र ही विद्या मुंबईत शिकले, गोराईच्या एका वाडीतल्या तळ्यावर, आणि तीही चिलापी (तिलापिया) माशासाठी. फेब्रुवारी उजाडला, थंडी पुरती गेलेली नाही आणि उन्हाळा पुरता आलेला नाही, अशा दिवसांत ऊबदार पाण्यातला मासा कसा शोधायचा, हे समजायला मला सहा रविवार लागले.

तळे माझ्या मैत्रिणीच्या मामांचे. बोरिवलीहून गोराई जेट्टी, तिथून लाँचने खाडी ओलांडायची आणि पुढे रिक्षाने वाडी गाठायची. तळे साधारण चाळीस पावले लांब आणि पंचवीस पावले रुंद आहे. पश्चिमेकडे माडांची रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र; पूर्वेकडे पालक आणि मुळ्याचे वाफे. पूर्वेचा काठ उथळ आहे, माडांकडचा खोल.

नेहमीच्या गळात वजन शिशाला किंवा आमिषाला असते आणि ते वजन तंगुसाला ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये वजन लाईनीला असते, आणि पिसे व दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला, हाताला जाणवणारही नाही इतका हलका गळ तिच्यामागून जातो. त्यामुळे फेक जोरावर नसून थांबण्यावर अवलंबून असते. रॉड मागे नेऊन एकदम थांबवायचा, लाईन पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहायची, आणि मगच पुढे आणायचा. घाई केली की चाबकासारखा आवाज होतो आणि टोकाचा गळ तुटून जातो. माझा रॉड ९ फुटी, ५ नंबरच्या लाईनीचा आहे. लाईन तरंगणारी, तिच्या पुढे ९ फुटी निमुळता लीडर, म्हणजे जाड लाईन आणि गळ यांना जोडणारा बारीक, पारदर्शक धागा, आणि शेवटी ६ पौंडी तंगूस. तळ्यावर जाण्याआधी मी महिनाभर आमच्या सोसायटीमागच्या मैदानात, गळाच्या जागी नारिंगी लोकरीचा तुकडा बांधून, रोज सकाळी अर्धा तास फेकीचा सराव केला होता.

तरीही पहिल्या तीन रविवारी एकही मासा लागला नाही. फेक चांगली पडत होती, गळही योग्य होता. चूक उभे राहण्याच्या जागेत होती, आणि ती मला दिसत नव्हती. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, म्हणून मी पूर्वेच्या काठावर उभी राहत असे, कारण वारा पाठीवर असला की लाईन सहज लांब जाते. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की त्याच सोयीसाठी मी माडांच्या सावलीत जात असे. दोन्ही वेळा मी तळ्याचा नेमका गार भाग निवडत होते. उथळ पाणी जसे लवकर तापते तसेच ते रात्री लवकर निवतेही, त्यामुळे सकाळी पूर्वेचा काठ सर्वांत थंड असतो. दुपारी उन्हाने तापलेले वरचे पाणी हलके असल्याने वरच राहते, आणि वारा त्याला ढकलत समोरच्या काठाला नेतो. ज्या काठावरून वारा येतो तिथे त्याच्या जागी खालचे गार पाणी वर येते.

हे मला मामांनी एका वाक्यात सांगितले. तिसऱ्या रविवारी ते वाफ्यांना पाणी देता देता म्हणाले, "अगं, आधी पाण्यात हात घालून बघ. तुला गार लागतंय, तर त्याला ऊब कुठून लागणार? वारा फिरू दे, मग टाक."

पुढच्या वेळी मी दोरीला बांधलेला तापमापक सोबत नेला. आदली रात्र निरभ्र आणि गार होती. सकाळी साडेसातला पूर्वेच्या उथळ पाण्यात २२ अंश सेल्सिअस भरले, माडांकडच्या खोल पाण्यात २३. चिलापी मूळची आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांची. १९५२ मध्ये ती भारतात आणली गेली आणि गोड्या पाण्यापासून मचूळ पाण्यापर्यंत सगळीकडे रुळली. इतक्या गारव्याने ती मरत नाही, पण अंगाने जड होते, खोलात राहते आणि आमिषामागे धावण्याचे कष्ट घेत नाही. मी त्या सकाळी रॉड जोडलाच नाही. मामींनी दिलेला चहा घेऊन माडाच्या पानांकडे पाहत बसले.

खारा वारा त्या दिवशी उशिरा आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुंबईत असे वारंवार होते. पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत टिकून राहतो, समुद्राचा वारा आत येत नाही आणि पारा एकाएकी चढतो. एक वाजून गेल्यावर पाने आधी स्तब्ध झाली आणि मग पश्चिमेकडून हलली. अर्ध्या तासात पाण्यावरचा पालापाचोळा, माडाचा फुलोरा आणि मेलेल्या चिलटांची एक करडी रेघ पूर्वेच्या काठाला येऊन लागली. तिथे तापमापकात २७ अंश होते.

आता वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे होते, आणि सगळी अडचण तीच होती. उंच फेक वारा उलटवून परत आणतो. मी लाईन आखूड ठेवली, पंचवीस फुटांच्या आत. मागची फेक वाफ्यांवरून किंचित वर नेली आणि पुढची पाण्याच्या अगदी जवळून, रॉडचे टोक खाली थांबवून केली. गळ मी स्वतः बांधलेला होता : १२ नंबरचा, गळून पडलेल्या मोरपिसाचे धागे गुंडाळलेले आणि त्यावर जुन्या मोटारीतली तांब्याची बारीक तार. पाण्यात तो चतुराच्या अळीसारखा हिरवट दिसतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पकडीने दाबून सपाट केला होता, म्हणजे मासा सोडवताना तोंड फाटत नाही. गाठ आवळण्याआधी ती ओठांनी ओली करावी. कोरडी गाठ आवळताना तापते आणि तंगूस तिथेच कमकुवत होते.

चिलापीचे तोंड लहान असते आणि ती मुख्यतः शेवाळ व बारीक किडे टिपते, त्यामुळे गळाला झटका बसेल ही अपेक्षाच चुकीची ठरते. मी गळ बुडू दिला, दहापर्यंत आकडे मोजले आणि डाव्या हाताने लाईन बोट-बोट ओढत राहिले. तिसऱ्या फेकीला लाईनीचे टोक वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने बोटभर सरकले. रॉड न उचलता मी फक्त लाईन ओढली, आणि पलीकडे काहीतरी जिवंत, जड, खालच्या दिशेने वळले. ती वळणे वर्तुळाकार होती. रॉडचा मधला भाग प्रत्येक वळणाबरोबर धडधडत होता आणि ती धडधड कोपरापर्यंत पोहोचत होती. हात आधी पाण्यात भिजवून मी तिला उचलले, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघून जातो. वीतभराहून थोडी मोठी, राखाडी-हिरवी, पाठीवरचा काटेरी पर ताठ उभारलेला. तो पर डोक्याकडून शेपटीकडे हळुवार दाबत हात न्यावा, नाहीतर काटे तळव्यात जातात. तासाभरात अशा चार लागल्या. दोन सोडल्या, आणि दोन मामींनी बॉटल मसाला लावून तव्यावर घेतल्या. ही त्यांच्या घरची खाण्याची मासळी आहे. ती जिवंत नेऊन दुसऱ्या कोणत्याही तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नये, कारण ती तिथल्या मूळच्या माशांची जागा बळकावते.

पाचव्या रविवारी रात्रभर अवकाळी ढग होते. ढगांच्या पांघरुणाखाली तळ्याची ऊब रात्री निघून जात नाही, म्हणून सकाळी साडेसातलाच पाणी २५ अंश होते आणि आठ वाजता पहिला मासा लागला. त्या दिवशी मी दुपारची वाट पाहिली असती तर संधी हुकली असती, कारण दहा वाजता शिडकावा आला आणि मासे खोलात गेले. सहाव्या रविवारी याच्या उलट घडले : पूर्वेचा वारा दोन वाजेपर्यंत हलला नाही, ऊबदार पाणी माडांखाली साचले. पाठीमागे झाडे असल्याने मागे फेक नेता येईना, तेव्हा लाईन पाण्यावरूनच वळवून पुढे लोटण्याची रोल कास्ट वापरावी लागली. तीन मासे मिळाले.

त्याच दिवशी निघताना पूर्वेच्या काठाजवळ, गुडघाभर पाण्यात, तळाच्या गाळात परातीएवढा एक स्वच्छ गोल खळगा दिसला. त्याच्यावर काळपट पडलेला, पांढऱ्या गळ्याचा एक नर घिरट्या घालत होता. विणीसाठी मादीला तिथे आणायचे असते. पुढे ती अंडी तोंडात घेऊन जाते आणि पिल्ले तोंडाबाहेर पडून पोहू लागेपर्यंत जवळजवळ काहीही खात नाही. खळगा राखणारा नर समोर येईल त्या वस्तूवर धावून जातो, त्यामुळे त्याला पकडणे फार सोपे असते, आणि म्हणूनच मला ते योग्य वाटत नाही. मी रॉडचे तुकडे वेगळे केले आणि मामांना ती जागा दाखवली. त्यांनी वाफ्यातली एक काठी उपटून काठावर रोवली आणि तिच्या टोकाला लाल फडके बांधले, म्हणजे वाडीतली मुले तिथे गळ टाकणार नाहीत.