जबडा संगणकात उघडेपर्यंत

तंबाखूमुळे झालेल्या कर्करोगात खालच्या जबड्याचा एका बाजूचा भाग काढून टाकावा लागला, की तोंड उघडताना रुग्णाची हनुवटी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूकडे सरकते. हे नेमके कसे घडते, ते बलांच्या हिशेबाने समजून घ्यावे, या हेतूने मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी जबड्याचे संगणकीय मॉडेल करायला घेतले. त्यासाठी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विकसित झालेली ‘आर्टिसिंथ’ ही प्रणाली निवडली, कारण तीत न वाकणारी हाडे आणि त्यांना ओढणारे स्नायू एकत्र मांडता येतात.

सीटी स्कॅनमधून हाडाचा आकार वेगळा काढण्यात तीन आठवडे गेले. दातांत भरलेल्या धातूमुळे चित्रात उमटलेल्या रेघा हातानेच पुसाव्या लागल्या.

खरी अडचण सांध्यात होती. पहिल्या आराखड्यात मी दोन्ही कानांपुढे साध्या बिजागऱ्या कल्पिल्या होत्या. त्यामुळे तोंड मोठे उघडताच जबड्याचा कोन थेट मानेत घुसू लागला. माझ्या दंतवैद्य मैत्रिणीने मला दोन्ही कानांपुढे बोटे ठेवायला सांगितले आणि म्हणाली, “आता हळूहळू आ कर.” सुरुवातीला हाड जागच्या जागी फिरले, आणि मग बोटांखालून पुढे घसरले. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, ते फिरणे आणि घसरणे या दोन्ही हालचाली मिळून. तेव्हा बिजागऱ्या काढून त्या जागी मी कवटीच्या उतारासारखे तिरके पृष्ठभाग बसवले.

स्नायूंसाठी ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या संशोधनावर आधारलेले मॉडेल वापरले. त्यात स्नायूचे बल त्याची लांबी आणि आखडण्याचा वेग यांवर अवलंबून असते. कमाल बल मी स्नायूच्या छेदाच्या क्षेत्रफळावरून, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४० न्यूटन धरून काढले. तरीही जबडा जवळजवळ हलेना. दोन दिवसांनी कारण सापडले: लांबी मिलिमीटरमध्ये मोजत असताना गुरुत्वत्वरण ९,८०० घ्यायला हवे होते, ते मी ९.८ च ठेवले होते आणि न्यूटनमधील बलांनाही हजाराने गुणले नव्हते. ही दुरुस्ती करताच जबडा स्वतःच्या वजनाने खाली पडला, आणि विश्रांतीतही दातांत दोन-चार मिलिमीटरचेच अंतर राहावे म्हणून स्नायूंना थोडा कायमचा ताण द्यावा लागला.

यानंतर तोंड उघडण्यासाठी, हनुवटीला खाली ओढणाऱ्या डायगॅस्ट्रिक स्नायूला उत्तेजना दिली, तर जबड्याऐवजी गळ्यातले हायॉइड हाडच वर ओढले गेले. हे हाड दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नसते. छातीच्या हाडाकडून येणारे स्नायू त्याला खाली धरून ठेवतात, आणि नेमके तेच मी वगळले होते. तोंड उघडण्यात गळ्यातील स्नायूंचाही असा वाटा असतो, हे मला त्या दिवशी उमगले, आणि त्या शोधाचा आनंद मला आजही आठवतो.

शेवटी, सांध्यापाशी जबड्याचे हाड पुढे ओढणाऱ्या लॅटरल टेरिगॉइड स्नायूंपैकी डावा बंद करून तोंड उघडले. उजवीकडचे हाड पुढे घसरले, डावीकडचे मागेच राहिले आणि हनुवटी डावीकडे वळली. आता हाडाचा तुकडा काढून तीच चाचणी करायची आहे. मात्र त्याआधी सांध्यातली कूर्चेची चकती, जी मी अद्याप मांडलेली नाही, ती बसवायला हवी.