गोल्फ जीटीआय की गोल्फ आर : निवडीचे सात महिने

पुण्यात माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय होती. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस (अश्वशक्ती), सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पावसाळा सरत आला की रविवारी पहाटे ताम्हिणीत जायचो आणि नऊच्या आत घरी परतायचो. कामासाठी जर्मनीत आलो तेव्हा ती गाडी विकावी लागली. तशीच, पण आणखी ताकदीची छोटी गाडी इथे घ्यायची हे तेव्हाच पक्कं केलं होतं. आम्ही स्टुटगार्टजवळ एस्लिंगनला राहतो. तासाभरावर श्वेबिशे आल्बचे डोंगर आहेत. तिथल्या घाटरस्त्यांना लोक ‘श्टायग’ म्हणतात, आणि काही श्टायग वरंध्याची आठवण करून देतात.

2022 च्या जानेवारीत शोध सुरू केला आणि ऑगस्टमध्ये गाडी घरी आली. बजेट होतं 27 हजार युरो, म्हणजे वापरलेलीच गाडी. मुलीची सीट मागे बसवायची होती, त्यामुळे पाच दरवाजे हवेतच.

पहिली यादी मोठी होती: ह्युंदाई आय30 एन, होंडा सिव्हिक टाइप आर, फोर्ड फोकस आरएस, फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय आणि गोल्फ आर. ती यादी एका संध्याकाळीत बायकोने निम्मी केली. भारतीय लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तिने 2019 मध्ये परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली, त्यामुळे तिच्या लायसन्सवर 78 हा कोड आहे. त्याचा अर्थ, तिला फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. “अरे, गाडी दोघांची आहे ना? मग मला चालवता येईल अशीच बघ,” ती म्हणाली. टाइप आर आणि फोकस आरएस फक्त मॅन्युअलमध्ये आल्या. आय30 एनला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला तो फेसलिफ्टनंतर (मॉडेलमध्ये मधेच केलेल्या बदलांनंतर), आणि त्या गाड्या माझ्या बजेटबाहेर होत्या. आय30 एनचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. तिच्या परफॉर्मन्स मॉडेलला 275 पीएस आणि पुढच्या चाकांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, म्हणजे एक चाक जागीच फिरू लागलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा. एकदा मित्राची चालवली होती, तिचं स्टिअरिंग हातात अजून आहे.

उरल्या दोन गोल्फ. 2017 नंतरची जीटीआय परफॉर्मन्स: 245 पीएस, 370 न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), पुढची चाकं ओढणारी. आणि गोल्फ आर: 310 पीएस, डीएसजीसोबत 400 न्यूटन मीटर, फोर व्हील ड्राईव्ह. 2018 च्या अखेरीस युरोपात एक्झॉस्टला काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर आला आणि आरचे 310 चे 300 झाले, तेही जाहिरात वाचताना बघावं लागतं. कागदावर निवड सोपी वाटते. शंभरचा वेग जीटीआय 6.2 सेकंदांत गाठते, आर 4.6 मध्ये. कुणीही आरच म्हणेल. मीही तीन महिने आरच शोधत होतो.

इंजिनाबद्दल एक समज मला आधी दूर करावा लागला. दोन्ही गाड्यांत ईए888 घराण्याचंच 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, म्हणून बरेच जण सांगतात की आर म्हणजे सॉफ्टवेअर बदललेली जीटीआय. तसं नाही. आरचा टर्बो मोठा आहे आणि सिलिंडर हेड, पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेगळे आहेत. जीटीआयचा छोटा टर्बो लवकर जागा होतो. 1600 आरपीएमलाच सगळा टॉर्क हजर असतो आणि गावातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्येही पिकअप मिळतो. 6000 च्या पुढे मात्र तिचा दम सरतो. आर खालच्या आरपीएमला किंचित सुस्त वाटते आणि वर शेवटपर्यंत ओढत राहते. ऑटोबानवर मर्यादा नसलेल्या पट्ट्यात त्याचा आनंद वेगळाच. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये 3000 ते 5000 च्या मध्ये खेळायचं असेल, तर मला छोटा टर्बो जास्त आवडला.

एप्रिलमध्ये फ्रॉयडेनश्टाटजवळ एक आर बघायला गेलो. मालक खाजगी होता, गाडी चार वर्षांची, 61 हजार किलोमीटर. बाडेन-बाडेन ते फ्रॉयडेनश्टाट जाणारा बी500 हा ब्लॅक फॉरेस्टचा रस्ता तिथून जवळच आहे. पाऊस पडत होता. ओल्या राउंडअबाउटमधून बाहेर पडताना मी मुद्दाम पाय पूर्ण दाबला. काहीच झालं नाही, म्हणजे चाक फिरलं नाही, स्टिअरिंग हललं नाही, गाडी फक्त पुढे झेपावली. त्या क्षणी मी गाडी घेतल्यातच जमा होतो. मग उतार आला. वळणाआधी ब्रेक दाबला, तेव्हा लक्षात आलं की हे काम चारही चाकं सगळ्याच गाड्यांत करतात. फोर व्हील ड्राईव्हने ब्रेक जास्त लागत नाही आणि वळणात गाडी जास्त वेगाने टिकत नाही. तिथे टायरची पकड आणि गाडीचं वजनच ठरवतं, आणि आर जीटीआयपेक्षा सुमारे 100 किलोने जड आहे. ते वजन उतारावर मला ब्रेकच्या पेडलमध्ये जाणवलं.

ही गोष्ट मला पुण्यातच कळायला हवी होती, पण पोलोमध्ये एवढी ताकदच नव्हती की प्रश्न पडावा. टायरच्या पकडीचा हिशोब महिन्याच्या पगारासारखा असतो: वळण्यावर जितकी खर्च होईल तितकी ओढायला कमी उरते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या दोन टायरांवर दोन्ही कामं पडतात. त्यात रेस दिली की वजन मागे जातं आणि पुढचे टायर हलके होतात. वळणाच्या आतल्या चाकावर सगळ्यात कमी वजन असतं. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे आतलं चाक जागच्या जागी फिरू लागलं की बाहेरचंही हतबल होतं. फोर व्हील ड्राईव्हने ओढण्याचं ओझं वाटलं जातं. वळण्याचं ओझं पुढच्या चाकांवरच राहतं.

आरमधली फोर व्हील ड्राईव्हची हाल्डेक्स यंत्रणा म्हणजे मागच्या ॲक्सलपाशी बसवलेला तेलातला मल्टी प्लेट क्लच. एरवी गाडी मुख्यतः पुढच्याच चाकांवर चालते, गरज पडली की क्लच दाबला जातो आणि मागे ताकद जाते. या क्लचचं तेल दर तीन वर्षांनी बदलायचं असतं. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळीही तेव्हा साफ करून घ्यावी, कारण ती तुंबली की पंपावर ताण येतो. पंप गेला तर गाडी निमूटपणे फक्त पुढच्या चाकांवर चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. फ्रॉयडेनश्टाटच्या गाडीच्या सर्व्हिस बुकात हाल्डेक्स तेलाची एकही नोंद नव्हती. मी विचारलं तर मालक म्हणाला, गाडी नीट चालते की. मी परत आलो. घरी येईपर्यंत मनात चुटपुट होती, पण तो नकार योग्यच होता.

जीटीआय मिळाली ती फोर्त्सहाइमच्या एका डीलरकडे. 2018 ची, 48 हजार किलोमीटर, सगळी सर्व्हिस नोंदवलेली. टेस्ट ड्राईव्हला मी शनिवारची सकाळ मागून घेतली आणि पुन्हा बी500 गाठला. रस्ता त्या दिवशीही ओला होता. आरसारखा पाय दाबला, तर दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं फिरली आणि पॅनेलवर चाकं घसरल्याचा पिवळा दिवा लुकलुकला. मग मी पद्धत बदलली. ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, गाडी वळवायची, वळणाचा शेवट दिसला की रेस हळूहळू वाढवायची. आणि तेव्हा परफॉर्मन्स मॉडेलमधलं लॉकिंग डिफरन्शिअल हातात समजलं. तिथेही मल्टी प्लेट क्लच आहे, डिफरन्शिअल आणि उजव्या शाफ्टच्या मध्ये. आतलं चाक हलकं झालं की तो टॉर्क बाहेरच्या चाकाकडे वळवतो. रेस दिल्यावर पुढची चाकं ओढणारी गाडी सहसा वळणाबाहेर सरकते. ही आत ओढत होती, नाकाला धरून नेल्यासारखी. एकाच हेअरपिनवरून मी तीनदा गेलो.

मित्रांशी यावर पुष्कळ वाद झाला. मूळचा कोल्हापूरचा एक दोस्त म्युनिकच्या दक्षिणेला डोंगराजवळ राहतो. तो म्हणाला, बर्फात चढावर थांबलेली गाडी पुढे काढून दाखव मग बोल. त्याचं म्हणणं खरं आहे. त्याच्या गावात राहत असतो तर मी आरच घेतली असती. एस्लिंगनला वर्षातून मोजके दिवस बर्फ टिकतो आणि चांगले हिवाळी टायर ते दिवस काढून देतात.

ट्यूनिंगचा प्रश्न सोडवायला आणखी महिना गेला. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवला की जीटीआय सहज 300 पीएसच्या आसपास जाते. एका ट्यूनरने स्वस्तातला भाव दिला आणि सांगितलं, कुणाला कळत नाही. इथे हे फार महाग पडू शकतं. ताकद बदलली आणि ती तपासून गाडीच्या कागदांत नोंदवली नाही, तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द होतो. विमा कंपनीला कळवलं नसेल तर अपघातानंतर ती तुमच्याकडून पैसे वसूल करू शकते. दुसऱ्या ट्यूनरकडे तज्ज्ञांचा अहवाल होता, ट्युफकडे (गाड्या तपासणारी संस्था) नोंदणीही तो करून देणार होता. भाव जवळपास दुप्पट. तो मला प्रामाणिक वाटला, कारण गिअरबॉक्स किती टॉर्क झेपवेल हे त्याने स्वतःहून मांडलं.

पैसे भरण्याआधी त्याच्याच एका ग्राहकाची रीमॅप केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदललेली जीटीआय चालवून पाहिली. ऑटोबानवर ती जबरदस्त होती. पण श्टायगवर दुसऱ्या गिअरमध्ये जो नवा टॉर्क आला होता, तो पुढचे टायर पेलतच नव्हते आणि डिफरन्शिअलही काही करू शकत नव्हतं, कारण बाहेरचं चाकही फिरत होतं. ज्याला मनापासून रीमॅप करायचं आहे त्याने आर घ्यावी असं माझं ठाम मत झालं. तिचा टर्बो मोठा आहे, आणि वाढलेली ताकद चार टायरांवर वाटली जाते.

मी जीटीआय घेतली आणि इंजिनाला हात लावला नाही. ट्यूनिंगच्या पैशांतून चार चांगले उन्हाळी टायर घेतले, ब्रेक पॅड बदलले आणि जास्त तापमान सोसणारं ब्रेक ऑइल भरून घेतलं. डीएसजीचं तेल 60 हजारांवर बदललं. विम्यात आरच्या तुलनेत वर्षाला सव्वातीनशे युरो वाचले. आरला 98 ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, जीटीआयला साधं 95 चालतं.

बायको याच गाडीने रोज ऑफिसला जाते. रविवारी पहाटे ती माझी असते. गेल्या महिन्यात उन्हाळी टायर चढवताना खोली मोजली. मागच्या टायरांत 6 मिलीमीटर, पुढच्यांत 4. पुढचे मागे आणि मागचे पुढे टाकून घेतले आहेत.