तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘ओ होली नाइट’ का गात नाही

दर वर्षी नोव्हेंबर सरत आला, की कुणी ना कुणी मला विचारतंच, की सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाजाची गायिका, असूनही तुम्ही नाताळच्या कार्यक्रमात ‘ओ होली नाइट’ का गात नाही, आणि त्याऐवजी फारशी कुणाला ठाऊक नसलेली अंगाईगीतं किंवा द्वंद्वगीतातला खालचा आवाज का पत्करता. आजवर मी कधी घशाचं, कधी वयाचं, कधी पियानोवादकाच्या सोयीचं कारण पुढे केलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण एकानेही विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

बऱ्याच जणांचा मनातून असा समज असतो, की मी कधीतरी भर कार्यक्रमात शेवटच्या वरच्या स्वरावर फुटले असेन आणि तेव्हापासून धसका घेतला असेल. तसं झालेलं नाही. हे गाणं ई-फ्लॅटच्या पट्टीत घेतलं, तर शेवटी वरचा बी-फ्लॅट लावावा लागतो. ‘सी’च्या पट्टीत तीच जागा त्याहून खालच्या ‘जी’ या स्वरावर येते. मी ते सहा वर्षं ई-फ्लॅटमध्ये गायले आणि त्या बी-फ्लॅटने मला एकदाही दगा दिला नाही. बढाई म्हणून सांगत नाही (थोडी बढाई आहेच), पण पुढचं सगळं समजायला एवढं माहीत असणं आवश्यक आहे.

गाणं वाईट आहे, असंही माझं म्हणणं नाही. आदोल्फ आदाँ हा ऑपेरा आणि बॅले लिहिणारा संगीतकार. त्याने १८४७ साली याला चाल दिली आणि ते पहिल्यांदा लोकांसमोर गायलं तेही ऑपेरात गाणाऱ्या एका स्त्रीनेच, त्यामुळे सोप्रानोंनी त्यावर हक्क सांगावा यात गैर काही नाही. माझी तक्रार ऐकणाऱ्यांच्या सवयीबद्दल आहे. पहिल्या ओळीपासून सगळे त्या एका स्वराची वाट पाहत बसतात, आणि मग हळूहळू गाणारीही बाकीची सगळी गाणी त्याच मापाने मोजू लागते. गाणं कुठवर चढतं हे पाहण्याआधी ते मुक्काम कुठे करतं हे पाहायला हवं, हे मला शिकवलं गेलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. नाताळात तर हा हिशेब अधिकच कडक होतो, कारण सोप्रानोला एकल गाण्याआधी सामुदायिक कॅरोलांवरचे (नाताळगीतांवरचे) डिस्कॅन्टही, म्हणजे मूळ चालीच्या वरून जाणारे सूरही, गायचे असतात, आणि तिची पाळी येईपर्यंत आवाजातली निम्मी पुंजी सगळ्यांच्या डोक्यावरून गाण्यात खर्च झालेली असते. त्यानंतर हँडेलच्या ‘मसाया’ या धार्मिक संगीतरचनेतलं ‘रीजॉइस ग्रेटली’ घ्यायचं ठरवलं, तर वरचे स्वर एक वेळ निभावतात, पण त्या लांबच लांब तानांना पुरेल एवढा दम शिल्लक राहत नाही. त्याच गाण्याचं बारा-आठ तालातलं आधीचं रूप मला अधिक आवडतं, पण ते मागितलं की साथीदार कपाळाला आठ्या घालतात.

आता मुख्य गोष्ट. ज्या वर्षानंतर मी हे गाणं सोडलं, त्या वर्षीचा कार्यक्रम मीच ठरवला होता. शेवटी माझं एकल ‘ओ होली नाइट’ आणि त्याच्या अलीकडे एक द्वंद्वगीत, हुम्परडिंकच्या ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’ या ऑपेरातली संध्याकाळची प्रार्थना. जंगलात वाट चुकलेली दोन भावंडं झोपण्याआधी चौदा देवदूतांची आठवण काढतात: दोन उशाशी, दोन पायाशी, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, आणि असेच पुढे. वरचा आवाज ग्रेटेलचा, सोप्रानोचा; खालचा हेन्सेलचा, मेझोसाठी, म्हणजे सोप्रानोहून खालच्या स्त्री-आवाजासाठी, लिहिलेला. माझ्या जोडीला जी मैत्रीण होती ती माझ्यासारखीच सोप्रानो होती, किंबहुना माझ्यापेक्षा हलक्या आणि उजळ आवाजाची. खालच्या स्वरांत तिचा आवाज पातळ होत असे. तिला हेन्सेल देण्याचं कारण एवढंच होतं, की ग्रेटेल मला हवी होती.

तिसऱ्या तालमीला ती म्हणाली, “मला खाली काहीच सापडत नाहीये. एक स्वर वर घेऊ या का?” मी सांगितलं, की मूळ पट्टी ‘डी’ आहे आणि ती बदलली की गाण्याचा रंग जातो. हे बोलणं मी अगदी गंभीरपणे केलं. जी बाई ‘ओ होली नाइट’ पट्ट्या बदलून बदलून गाऊन पाहत होती, तिने पट्टीच्या पावित्र्यावर प्रवचन दिलं. खरं कारण असं, की शेवटच्या देवदूतांपाशी वरचा आवाज चढत जातो, तो आणखी एक स्वर वर नेला असता तर लगेच पुढे येणाऱ्या बी-फ्लॅटसाठी मला हवा तेवढा ताजेपणा राहिला नसता. तिने पुन्हा विचारलं नाही. पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करत बसली.

कार्यक्रमात आम्ही दोघी एकाच प्रतीत पाहून गात होतो आणि पानं उलटण्याचं काम तिच्याकडे होतं. सुरुवात बरी झाली. मग पियानो थोडा भरला, तिचा आवाज त्याखाली गेला, आणि ती पोकळी भरून काढायला मी माझा आवाज वाढवला. त्या क्षणी मला वाटलं, की मी तिला सावरते आहे. मध्यावर कुठेतरी, डाव्या-उजव्या बाजूच्या देवदूतांपाशी, माझ्या कानाशी येणारा तिचा स्वर थांबला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर तिचे ओठ मिटलेले होते आणि नजर कागदावर होती. मी गात राहिले. ओळ संपली तेव्हा तिने अगदी वेळेवर, आवाज न करता, माझ्यासाठी पान उलटलं. दोन भावंडांनी मिळून करायची प्रार्थना मी एकटीने पूर्ण केली, आणि त्यानंतर ई-फ्लॅटमधलं ते गाणं गायले. बी-फ्लॅट इतका सुरेख लागला की लोक उठून उभे राहिले. मागे आल्यावर ती “छान झालं” एवढंच म्हणाली आणि आपला कोट शोधू लागली. त्यानंतर ती माझ्याबरोबर कधीही गायली नाही, आणि मी तिला तसं सुचवण्याचं धाडसही केलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात गाण्याचा काय दोष? काही नाही. माझ्यातली जुनी गायिका तर याहून पुढे जाऊन विचारते, की कार्यक्रमाला एक कळस लागतोच, तो तू नाही गायलीस तर दुसरी कुणी गाईल, मग तुझ्या या व्रताने मैत्रिणीचा कोणता फायदा झाला? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. उलट मला असाही संशय येतो, की हे सारं प्रायश्चित्त नसून एक सभ्य पळवाट आहे, कारण त्या स्वरापर्यंत पोहोचायला दर वर्षी थोडे अधिक कष्ट पडतात आणि तो न गाण्याचं उदात्त कारण हाताशी असणं मोठं सोयीचं असतं.

मधल्या काळात मी शब्दांच्या शुद्धतेचा आधार घेऊन पाहिला. नाताळची म्हणून गायली जाणारी निम्मी गाणी नाताळची नाहीतच, असं मी तावातावाने सांगत असे. शुबर्टचं ‘आव्हे मरिया’ हे १८२५ सालचं गीत म्हणजे कवी वॉल्टर स्कॉटच्या काव्यातल्या एलन नावाच्या मुलीची प्रार्थना. फ्रांकचं ‘पानिस अँजेलिकस’ हे पवित्र भाकरीचं स्तोत्र. ‘मसाया’ स्वतः १७४२च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या तोंडावर पहिल्यांदा सादर झाला. आणि हेन्सेल-ग्रेटेल तर जंगलात स्ट्रॉबेऱ्या वेचायला गेलेले असतात. मुद्दे बरोबर होते, पण त्या ऑपेराचा पहिला प्रयोग १८९३ साली २३ डिसेंबरला झाला होता, हे मी सोयीस्करपणे गाळत असे. आणि मी ज्याला मनापासून मानते त्या बाखचं काय? ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’च्या तिसऱ्या भागातलं सोप्रानो आणि बास (पुरुषाचा सर्वांत खालचा आवाज) यांचं ‘हेर, डाइन मिटलाइट’ हे द्वंद्वगीत आधी हर्क्युलिस आणि ‘सद्गुण’ नावाचं पात्र यांच्या प्रेमालापासाठी लिहिलेलं होतं. बाखने शब्द बदलले, पट्टीही बदलली. मूळ पट्टीच्या नावाने मी जे बोलले होते ते आठवून हे वाचताना मला कसंसंच झालं.

म्हणून आता मी जे निवडते ते सांगते; नियम म्हणून नव्हे. एकल गायचं तर रेगरचं १९१२ सालचं ‘मारिया वीगनलीट’, ज्यात दाखवायला काही नाही आणि लपायलाही जागा नाही. किंवा सतराव्या शतकातल्या मेरुलाचं अंगाईगीत, ज्याचा खर्ज जवळजवळ शेवटपर्यंत दोनच शेजारच्या स्वरांवर झुलत राहतो आणि त्यावर आई बाळाला निजवता निजवता त्याच्या पुढच्या यातना पाहत असते. ऐकणारे अस्वस्थ होतात, आणि एका बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, की सणाला हे गाऊ नका. दोन सोप्रानो असतील तर विवाल्दीच्या ‘ग्लोरिया’तलं ‘लाउदामुस ते’, कारण ते मुळातच दोन सोप्रानोंसाठी आहे आणि तिथे कुणाला मेझो बनवावं लागत नाही. त्यातही मी दुसरा आवाज घेते. जोडीदारीण पट्टी बदलू या म्हणाली, तर मी पियानोवादकाकडे बघते आणि गप्प बसते. आजवर दोघींनी तसं विचारलं आहे, आणि दोन्ही वेळा बदललेल्या पट्टीत मला गायला अवघड गेलं.

तीच प्रार्थनेची प्रत अजून माझ्या फायलीत आहे. खालच्या आवाजावर श्वासाच्या पेन्सिलीच्या खुणा अगदी शेवटच्या देवदूतांपर्यंत केलेल्या आहेत. ती प्रत तिची होती.