फोर्ब्स फील्डची भिंत आणि बेब रूथची अखेर

पिट्सबर्गला येणारी आपली मंडळी व्यंकटेश्वराच्या मंदिरात आवर्जून जाऊन येतात. ओकलंड भागातल्या फोर्ब्स फील्डच्या भिंतीकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. १९०९ साली सुरू झालेले हे बेसबॉलचे मैदान १९७१ मध्ये पाडण्यात आले, तरी त्याच्या कुंपणाचा वेलींनी वेढलेला एक विटांचा भाग राखून ठेवला असून त्यावर फलंदाजाच्या जागेपासूनच्या अंतराचे ४३६ आणि ४५७ फूट हे आकडे रंगवलेले दिसतात. शेजारच्या, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पॉसवार हॉलमध्ये जमिनीत काचेखाली होम प्लेट (फलंदाज जिच्याशी उभा राहतो ती पाटी) आहे आणि विद्यार्थी तिच्यावरून बिनदिक्कत ये-जा करत असतात.

मी आलो होतो तो बेब रूथ या बेसबॉलपटूसाठी. १९२७ मध्ये एका हंगामात ६० होम रन (सहसा चेंडू थेट कुंपणाबाहेर धाडणारे फटके) मारणारा हा गडी न्यूयॉर्क यांकीजने १९३५ च्या सुरुवातीला सोडून दिला, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. बॉस्टन ब्रेव्हजचे मालक एमिल फुक्स यांनी त्याला उपाध्यक्षपद देऊ केले आणि पुढेमागे संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होता येईल, अशी आशाही दाखवली. रूथला हवे होते ते तेवढेच. फुक्स यांना मात्र, माझ्या मते, त्याच्या नावावर खपणारी तिकिटे हवी होती.

शरीर सुटलेले, पाय साथ देईनासे झालेले, अशा अवस्थेत २५ मे १९३५ रोजी त्याने येथे तीन होम रन मारले. त्यांतला तिसरा, कारकिर्दीतला ७१४ वा, उजवीकडच्या स्टँडच्या छपरावरून थेट मैदानाबाहेर गेला आणि असे यापूर्वी येथे कोणालाच जमले नव्हते. (ती उजवी बाजू आता शिल्लक नाही, उरलेल्या भिंतीशी चाहते जमतात ते १९६० ची अजिंक्यपद मालिका पिट्सबर्गला जिंकून देणाऱ्या बिल मॅझरोस्कीच्या होम रनची आठवण म्हणून.) तरीही ब्रेव्हज तो सामना ७–११ असा हरले.

त्याच दिवशी तो थांबला असता तर कथा देखणी झाली असती. तो आणखी काही सामने खेळला, त्यांत त्याला एकही हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारा यशस्वी फटका) मिळाला नाही आणि २ जूनला, फुक्स यांच्याशी बिनसल्यावर, तो संघातून बाहेर पडला. त्या हंगामातली त्याची फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर संधीमागे हिटचे प्रमाण, होती अवघी ०.१८१. १९३८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला प्रशिक्षक म्हणून घेतले, पण मॅनेजरपद त्याला अखेरपर्यंत मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्तरावरच्या, कोणत्याच संघाने दिले नाही.