वॅगनआर ठेवायची की बदलायची? पुणे–महाबळेश्वर–पोलादपूर–ताम्हिणी, दोन दिवस

आमची वॅगनआर मार्च २०१२ ची. १ लाख १८ हजार किलोमीटर झाले, आणि आजवर तिनं रस्त्यात एकदाही दगा दिलेला नाही. प्रश्न आला तो आईमुळे. वडील गेल्यापासून ती पोलादपूरजवळच्या गावी एकटी असते. गाव सोडायला तयार नाही, आणि डोळ्यांचे उपचार पुण्यात चालू आहेत. म्हणजे पूर्वी गणपतीला आणि होळीला होणारा घाट आता दर महिन्याला. लेक म्हणाला, "बाबा, आता मोठी गाडी घेऊया. ही घाटात दमते." मेहुण्यांचंही तेच मत. शोरूममध्ये जाऊन आलो, कोटेशन ११ लाखांच्या पुढे गेलं. एक्स्चेंजमध्ये आपल्या गाडीचे दीड लाख.

सही करायच्या आधी मी एकच ठरवलं. ही गाडी घाटात नक्की कुठे कमी पडते, ते आधी स्वतः बघायचं. म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी जाताना मुद्दाम महाबळेश्वरवरून गेलो आणि येताना ताम्हिणीतून आलो. चढ, उतार, हायवे, अरुंद रस्ता, सगळं एकाच फेरीत.

निघण्याआधीच्या आठवड्यात सिंहगड रोडवरच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलंच नाही, टायरशी बसले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर १९१८, म्हणजे २०१८ च्या एकोणिसाव्या आठवड्यातले. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून मी निर्धास्त होतो. पण रबर कडक झालेलं, बाजूला बारीक भेगा. चारही बदलले. मग ब्रेक ऑइल. हे तेल हवेतलं पाणी शोषतं हे मला माहीत नव्हतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) तेल ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ धरते, आणि पेडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी झाले असले तरी. पुढचे ब्रेक पॅड, कूलंट आणि रेडिएटरचा एक होस धरून टायरसकट २३ हजार झाले.

पहाटे सहाला निघालो. मी, बायको, लेक. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळ. इथे कुठलीही गाडी चालते, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. खंबाटकीला आम्ही घाट चढून गेलो. चढणीला डाव्या बाजूनं ट्रक रांगत असतात. मी पाचव्यातून थेट तिसऱ्यात आलो आणि संपूर्ण घाट तिसऱ्यात काढला. ज्यांची गाडी इथे 'ओढत नाही', ते बहुतेक वेळा गिअर उशिरा टाकतात. इंजिन धापा टाकायला लागल्यावर गिअर बदलला तर वेग गेलेलाच असतो. वळण दिसताच गिअर खाली घ्या.

सुरूर फाट्याला वळून वाई. ढोल्या गणपतीला नमस्कार करून, मिसळ खाऊन पसरणी घाटाला लागलो. इथे लेकाचं म्हणणं खरं ठरलं. एसी चालू, तीन माणसं, डिकीत आईसाठी धान्याचं पोतं. मधल्या दोन वळणांवर गाडी दुसराच गिअर मागत होती. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. हवा विरळ होते, त्यामुळे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद तिथे साधारण आठव्या हिश्श्यानं कमी होते. मुळात १ लिटरचं, तीन सिलिंडरचं, ६८ पीएसचं इंजिन. त्यातला आठवा हिस्सा गेला की जाणवतंच. पण एसी बंद केला, काचा खाली केल्या, डिसेंबरातली ती हवा आत आली आणि गाडी तिसऱ्यात निवांत चढली. टेंपरेचरचा दिवा एकदाही लागला नाही. पाचगणीत मी लेकाकडे बघितलं, तो म्हणाला, "चढते, पण ओव्हरटेक नाही करता येत." बरोबर आहे. पसरणीत ओव्हरटेक करायचंच नाही, हे माझं उत्तर.

महाबळेश्वरला थांबलो नाही. बायकोनं रस्त्याकडेच्या गाडीवरून आईसाठी स्ट्रॉबेरी घेतली, तेवढंच.

खरी परीक्षा आंबेनळीची. महाबळेश्वर ते पोलादपूर साधारण ४० किलोमीटर, आणि तेवढ्यात माणूस जवळजवळ समुद्रसपाटीला येतो. वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा लागतो, तिथवर पर्यटकांची गर्दी असते, पुढे रस्ता अरुंद आणि एकाकी होतो. या घाटाबद्दल मला मनात धाक आहे. जुलै २०१८ मध्ये दापोलीहून सहलीला निघालेली बस इथेच दरीत गेली, तीस माणसं गेली, एकच वाचला. जुलै २०२१ च्या पावसात दरडी आल्या, रस्ता खचला आणि घाट कित्येक दिवस बंद राहिला. पावसाळ्यात इथून जायचं नाही हे आमच्या घरात तेव्हाच ठरलं.

उतरताना एक साधा नियम पाळा: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. मी बहुतेक घाट दुसऱ्यात उतरलो. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा वेळ, ठामपणे. मग पाय काढायचा. सतत हलका पाय ठेवून उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे लोक अजून भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल तोडलंच जातं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. आणि कुणी चावीच बंद केली, तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते. शिवाय वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम आहे. एका वळणावर एसटी वर येत होती, मी कडेला थांबलो. ड्रायव्हरकाकांनी जाताना हात वर केला. मला फार बरं वाटलं.

पोलादपूरला उतरून चाकाजवळ हात नेला. कोमट. जळका वास अजिबात नाही. त्या क्षणी मी मनात गाडी ठेवायचं नक्की केलं होतं.

आईनं तांदळाची भाकरी आणि सुकट केली होती. रात्री अंगणात बसलो.

रविवारी सकाळी आईला घेऊन निघालो. महाडवरून वरंध्यानं भोरला आलं तर अंतर कमी पडतं, पण तो घाट पावसाळ्यात आणि कामांसाठी वारंवार बंद असतो. निघण्याआधी गावातल्या रिक्षावाल्याला किंवा एसटी स्टँडवर विचारूनच जा. आम्ही माणगाव, निजामपूर, विळे करत ताम्हिणीला लागलो. चढ नीट, चार माणसं असूनही. घाटमाथा ओलांडला, दाट झाडीतली सावलीची वळणं लागली. रस्त्यावर दव आणि पाचोळा. वेग चाळीसच्या आत. वळलो आणि समोर म्हशी. तीन, रस्ताभर.

ब्रेक जोरात दाबला. चाकं जाम झाली. मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, तिकडे जागा होती, पण गाडी वळली नाही. सरळ घसरत गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागे आई होती. पट्टा लावलेला होता, कारण बायकोनं निघतानाच हट्टानं लावायला लावला होता. कुणाला काही झालं नाही. म्हशी शांतपणे निघून गेल्या. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

टायर नवे होते, ब्रेक ठणठणीत होते. आमच्या गाडीत एबीएस नाही, इतकंच. त्या काळी खालच्या व्हेरियंटमध्ये नसायचंच. सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते. मला नेमकं तेच हवं होतं. एअरबॅगही नाहीत. २३ हजारांत मी जे जे दुरुस्त करता येतं ते केलं होतं, आणि हे कुठल्याही गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही.

मुळशीच्या धरणाकाठी चहाला थांबलो तेव्हा लेकाला म्हटलं, "बदलूया. पण तू सांगतोस त्या कारणासाठी नाही."

तुमच्यापैकी जे याच पेचात आहेत त्यांच्यासाठी. ३२० किलोमीटरना १९ लिटर पेट्रोल लागलं, म्हणजे घाट धरूनही सतराच्या जवळ. ताकद कमी म्हणून चांगली गाडी विकू नका. गिअर, एसी आणि संयम एवढ्यावर भागतं. 'पंधरा वर्षांनी गाडी भंगारात' असंही अनेकांना वाटतं. दिल्लीचे नियम पुण्याला लागू नाहीत. इथे पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. आमची मुदत मार्च २०२७ ला संपते. गाडी फक्त शहरात फिरत असती तर मी नक्की वाढवली असती. पण दर महिन्याला घाट आणि मागच्या सीटवर म्हातारी आई असेल, तर एबीएस आणि एअरबॅग नसलेली गाडी बदला, इंजिन कितीही गुणी असलं तरी.

नवी घेताना ११ लाखांचीच हवी असं नाही. मी आता छोटीच बघतोय. सहा एअरबॅग, घसरणारी गाडी सावरणारं ईएससी, चढावर गाडी मागे न जाऊ देणारं हिल होल्ड, आणि भारत एनकॅपच्या अपघात चाचणीचे तारे, एवढं हवं. सनरूफ नको. टर्बो पेट्रोल परवडलं तर उत्तम, उंचीवर ते कमी दमतं. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह बाणेरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. बोपदेव घाटात न्या, घरची चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि चढावर मधेच थांबून पुन्हा निघून बघा. शोरूमवाले आधी नाही म्हणतात, आग्रह धरला की तयार होतात. जुना कात्रज घाट आणि दिवे घाटही चालतील, पण बोपदेवची चढण लवकर खरं सांगते.

तोपर्यंत वॅगनआरच आहे. जानेवारीची आईची तारीख १२ ला आहे. उन्हं वर आल्यावर, दव सुकल्यावर निघायचं, अंधाराच्या आत घरी. मागचा पट्टा आई आता स्वतःहून लावते.