जुनी इनोव्हा डी-फोर-डी: आधी गळती बंद, मगच इंटरकूलर

नागपुरात टोयोटाच्या जुन्या डिझेल इनोव्हा भरपूर आहेत. २००५ साली आलेली ही गाडी २०१६ मध्ये क्रिस्टा येईपर्यंत विकली गेली, टॅक्सीत चालली, लग्नाच्या वरातींत चालली, आणि आता परवडणाऱ्या भावात हाती लागते. तिचं २केडी-एफटीव्ही डिझेल इंजिन, ज्याला टोयोटा डी-फोर-डी म्हणते, २,४९४ सीसीचं आहे. भारतात ते १०२ पीएस आणि २०० न्यूटन-मीटरवर दिलं गेलं. हेच इंजिन इंटरकूलरशिवाय (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी) इतर देशांत २६० न्यूटन-मीटर द्यायचं. हा आकडा वाचला की लोक थेट ट्यूनिंग बॉक्स (डिझेल वाढवून ताकद वाढवणारं उपकरण) शोधायला लागतात. आमचं मत स्पष्ट आहे: दोन-अडीच लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात आधी हवा, ऑइल आणि जळालेला गॅस कुठून कुठे गळतोय ते शोधायचं. ते झाल्यावर नागपूरच्या उन्हाळ्यात खरा उपयोगी पडणारा बदल एकच आहे, इंटरकूलर. भारतातल्या या गाडीला तो कंपनीने दिलेलाच नाही.

सुरुवात इंजेक्टरखालच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तांब्याच्या वॉशरपासून. या इंजिनाचा हा सगळ्यात महागात जाणारा दोष, आणि तो अगदी स्वस्त पार्टमुळे होतो. प्रत्येक इंजेक्टरचं तोंड सिलिंडर हेडमध्ये तांब्याच्या वॉशरवर बसतं. ती वॉशर दबून निकामी झाली की ज्वलनाचा गॅस इंजेक्टरच्या बाजूने वर टॅपेट कव्हरखाली शिरतो. त्यातली काजळी ऑइलमध्ये मिसळते, ऑइल घट्ट होतं आणि इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर डांबरासारखा थर बसतो. जाळी बुजली की ऑइल प्रेशर घसरतं. त्याचा पहिला बळी टर्बो, त्यानंतर बेअरिंग. बरेच जण टर्बो बदलतात आणि वॉशर तशीच ठेवतात. मग नवा टर्बोही जातो.

ओळखायचं कसं? सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद ठकठक येते आणि नंतर विरते. नवं ऑइल दोन-तीनशे किलोमीटरमध्येच दाट काळं दिसतं. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं होतंच, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. ऑइल काढल्यावर ड्रेनच्या भोकातून बोअरस्कोप घालून जाळी बघा. मोबाइलला जोडायचा साधा कॅमेराही चालतो. जाळीवर काळे खडे किंवा पापुद्रे दिसले तर चेंबरचा खालचा भाग उतरवणं आलंच.

इंजेक्टर काढण्याआधी भोवतालची जागा ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा. हाय प्रेशर पाइप सुटले की दोन्ही टोकांना लगेच टोप्या लावा. कॉमन रेल सिस्टिमला (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाने डिझेल देणारी रचना) धुळीचा एक कणही पुरतो, आणि उन्हाळ्यात इथल्या अंगणात धूळ किती उडते ते वेगळं सांगायला नको. प्रत्येक इंजेक्टर कोणत्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. वर कोड छापलेला असेल तर त्याचा फोटो घ्या. नवा इंजेक्टर बसवल्यास तो कोड स्कॅनरने ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, द्यावा लागतो. अडकलेला इंजेक्टर स्लाइड हॅमरने सरळ वर ओढायचा. पाना घालून बाजूने उचकटला तर बॉडी वाकते.

जुनी वॉशर बहुतेक वेळा हेडमध्येच चिकटून राहते. ती आकड्याने काढा आणि टॉर्च मारून खात्री करा. जुनीवर नवी बसली तर इंजेक्टर वर उचललेला राहतो, सील होत नाही, आणि सगळं काम वाया जातं. वॉशर बसायची जागा साफ करताना नोझलच्या छिद्रात ग्रीस लावलेला कापसाचा बोळा ठेवा म्हणजे काजळी सिलिंडरमध्ये पडणार नाही. सँडपेपर अजिबात नको. त्यातला कण सिलिंडरमध्ये गेला तर आतल्या भिंतीवर ओरखडा पडतो. चार वॉशर, वरचे रबर सील आणि क्लॅम्पचे बोल्ट नवे घ्या, आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा. जुनी तांब्याची वॉशर लाल तापवून पुन्हा वापरायची जुन्या मिस्त्रींची पद्धत ट्रॅक्टरवर चालून जाते, इथे चालत नाही.

इंजेक्टर बाहेर आलेच आहेत तर पंप-नोझलच्या दुकानात कॉमन रेलच्या बेंचवर तपासून घ्या. फवारा बघण्यावर थांबू नका. रिटर्न (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल) किती जातं आणि पायलट इंजेक्शनचं (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) प्रमाण किती आहे ते चारहींचं लिहून मागा. एकाचा रिटर्न इतरांपेक्षा बराच जास्त असेल तर गरम इंजिन उशिरा सुरू होण्याचं कारण तिथेच सापडतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका. आणखी एक, जिवाशी संबंधित: चालू इंजिनात रेलचा पाइप कधीही ढिला करायचा नाही. जुन्या पंपावर मिस्त्री तसं करून सिलिंडर तपासायचे. इथे दाब हजार बारपेक्षाही वर जाऊ शकतो आणि ती धार कातडी भेदून आत जाते.

जाळी साफ झाल्यावर १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं ऑइल भरा. फिल्टरसह सात लिटरच्या आसपास लागतं, शेवटचा निर्णय डिपस्टिकचा. नागपूरची थंडी या ग्रेडला जड जात नाही. पहिलं ऑइल १,००० किलोमीटरवर काढून टाका. इंजिन फ्लशची बाटली टाळा, कारण ती काजळी एकदम सोडवते आणि ती जाऊन पुन्हा त्याच जाळीवर बसते.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. सोबत टेन्शनर आणि आयडलरही घ्या. टेन्शनरचा दांडा व्हाइसमध्ये हळूहळू दाबून बारीक ॲलन कीने अडकवायचा. बेल्ट चढल्यावर ती काढायची आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं. फिरताना कुठे अडलं तर जोर लावू नका.

टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवल्यावर बाजूला किंचित हलतो. तो दोष नव्हे, चालू असताना ती जागा ऑइल भरून काढतं. पुढे-मागे हललेला जाणवला किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो संपला. बदलताना ऑइल येण्याचा पाइपही नवा घ्या आणि ऑइल परत जाण्याचा पाइप आतून पूर्ण मोकळा आहे का ते बघा. रिटर्न तुंबला की चांगला टर्बोही ऑइल फेकतो आणि लोक त्याला सदोष ठरवतात. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑइल टर्बोपर्यंत पोहोचू द्या.

हवेची गळती घरी शोधता येते आणि खर्च नाममात्र आहे. नळाच्या दुकानातून होजच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, तिला भोक पाडून पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवा. ही कॅप टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर क्लॅम्पने आवळा, ब्रीदरचा (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा) पाइप बंद करा आणि कॉम्प्रेसरने ०.५ ते ०.७ बार हवा द्या. त्याहून जास्त नको, नाहीतर क्रँकचे ऑइल सील बाहेर ढकलले जातात. मग साबणाचं पाणी मारत चला. जुन्या रबर होजच्या खालच्या बाजूला, जिथे ऑइलचा ओलावा साचतो, तिथे बुडबुडे हमखास मिळतात. काळा धूर सोडणाऱ्या कित्येक गाड्यांचं दुखणं या एका फाटक्या होजमध्ये असतं.

इनटेक मॅनिफोल्डमध्ये ईजीआरची (जळालेला थोडा गॅस पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ मिळून जाड लेप बसतो. मॅनिफोल्ड उतरवून रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवा, मग खरवडा. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. ईजीआर बंद करून टाकायचा सल्ला खूप मिळेल. आम्ही तो देत नाही. साफ केलेला, नीट बसणारा व्हॉल्व्ह त्रास देत नाही, आणि तो काढणं नियमात बसत नाही.

आता उष्णता. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. गणितासाठी ०.८ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असेल तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १३४ अंशांची असते. डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे तीच हवा ८९ अंशांवर निघते. एकच गाडी थंडीत हलकी आणि उन्हाळ्यात सुस्त वाटते याचं हे मोठं कारण. मध्ये ६५ टक्के परिणामकारक इंटरकूलर बसवला तर १३४ अंशांची हवा सुमारे ७६ अंशांवर येते. कूलर आणि पाइपमध्ये ०.०५ बार दाब गेला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा साधारण १३ टक्क्यांनी वाढते. डिझेल तेवढंच राहिल्याने धूर कमी होतो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं आणि घाटात इंजिन दमत नाही. नुसत्या इंटरकूलरने ताकद फार वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण डिझेल किती द्यायचं ते ईसीयू ठरवतो.

मोठा कोअर (इंटरकूलरचा जाळीदार गाभा) म्हणजे चांगला इंटरकूलर, हा समज सोडून द्या. समोर एसीचा कंडेन्सर आहे आणि त्यामागे रेडिएटर. इंटरकूलरने कंडेन्सरचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग झाकला तर मे महिन्यात एसी थंडावा देईनासा होतो आणि कूलंटचा काटा चढतो. खालच्या बंपरच्या जाळीमागे बसणारा लहान, ५० ते ६५ मिमी जाडीचा बार-अँड-प्लेट कोअर पुरेसा. पाइप ५० मिमी व्यासाचा ठेवा. त्याहून मोठा घेतला तर भरायची जागा वाढते आणि खालच्या आरपीएमला टर्बो उशिरा जागा होतो, तर शहरात या गाडीची मजा खालच्या आरपीएमलाच आहे. ॲल्युमिनियमचे पाइप हिंगणा एमआयडीसीत टिग वेल्डिंगने करून घ्या आणि टोकांना कडा उठवून मागा. साध्या गुळगुळीत टोकावरून होज दाबाखाली निसटते. होज चार थरांची सिलिकॉनची, क्लॅम्प टी-बोल्टचे. इंजिन हलतं आणि कूलर बॉडीला बांधलेला असतो, म्हणून दोघांमध्ये किमान दोन ठिकाणी लवचीक जोड हवा. सगळीकडे कडक पाइप टाकले तर काही महिन्यांत वेल्डिंग तडकतं.

बसवण्याआधी रेडिएटर बाहेरून धुवा, पाण्याची धार इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे अडकलेली माती आल्या वाटेने निघते. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. बोअरचं जड पाणी आत क्षार सोडतं. फॅनचा व्हिस्कस क्लच गरम इंजिन बंद करून हाताने फिरवून बघा. विरोध जाणवला पाहिजे, सैल फिरला तर इंटरकूलर लावण्याआधी तो बदला.

एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज आम्ही आवश्यकच मानतो. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये के-टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) बसवायचं. भोक पाडताना मॅनिफोल्ड गाडीवरून उतरवा, कारण लोखंडाचा कीस टर्बाइनमध्ये गेला तर पाती जातात. लांब चढावर ७०० अंशांच्या आत राहिलं तर निश्चिंत. ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशरचा सेन्सर फसवून दाब वाढवतो. डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते, आणि जुन्या पंपावर व इंजेक्टरवर ताण येतो. लाखो किलोमीटर चाललेल्या पंपाला हा बॉक्स लावू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, म्हणून पाइप कापायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्या तपासणीत इंजिन-बे बघितला जातो. पीयूसीत धुराची मर्यादा बीएस-३ गाडीला ६५ एचएसयू (धुराची दाटी मोजायचं एकक) आणि बीएस-४ ला ५० एचएसयू आहे. आधीचा आणि नंतरचा आकडा जपून ठेवा. काम नीट झालं की नाही याचा तटस्थ पुरावा तोच.

चाचणी शहरात करू नका. सीताबर्डीच्या सिग्नलला उभ्या गाडीत कोअर स्वतःच तापतो आणि वाचन चुकतं. छिंदवाडा रस्त्यावरचा सिल्लेवानी घाट योग्य आहे: तिसरा गिअर, एसी चालू, सलग चढ. कूलरच्या आधीचं आणि नंतरचं हवेचं तापमान, एक्झॉस्ट आणि कूलंट हे चार आकडे सोबतच्या माणसाला लिहायला सांगा. कूलरनंतरची हवा बाहेरच्या तापमानापेक्षा ४० अंशांहून जास्त राहिली तर कोअरपर्यंत वारा पोहोचत नाही. बंपरमागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे पडदे लावून हवा कोअरमधूनच जायला भाग पाडा. ५०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा आणि साबणाच्या पाण्याची चाचणी परत करा. नवी सिलिकॉन होज गरम-थंड होऊन बसते आणि पहिल्यांदा आवळलेला क्लॅम्प सैल पडतो.