भंगारातलं अमेरिसियम

जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांना भंगार लागतं, आणि त्यात काय निघेल याचा नेम नाही. किरणोत्सर्गी भंगार म्हटलं की दिल्लीतला मायापुरीचा भंगारबाजार आठवतो, जिथं २०१० साली असा स्रोत भंगारात निघाला. तो कोबाल्ट-६० होता. त्याचे गॅमा किरण जोरकस, कारखान्याच्या गेटवरच्या किरणोत्सर्ग ओळखणाऱ्या डिटेक्टरला सहज कळतात. अमेरिसियम-२४१ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मात्र गेट चुकवून आत येऊ शकतं.

ते १९४४ साली शिकागोत ग्लेन सीबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी प्लुटोनियमपासून बनवलं. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, सुमारे ४३२ वर्षं, त्यामुळे कोपऱ्यात टाकून ते थंड होईल ही आशाच नको. त्याचे अल्फा कण हवेत चारेक सेंटिमीटर जातात, कातडीवरच्या मेलेल्या थरात अडकतात. सोबतचे गॅमा किरण जेमतेम ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे. पाच मिलिमीटर लोखंडाआडून त्यातला शंभरातला एक भाग कसाबसा बाहेर येतो. मग ट्रकभर पत्र्याखाली दबलेला स्रोत गेटवर कसा वाजणार?

आयनीकरण पद्धतीच्या स्मोक डिटेक्टरात ते साधारण एक मायक्रोक्युरी (क्युरी हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक), म्हणजे एका मायक्रोग्रॅमहूनही कमी असतं. छताला लावलेल्या डिटेक्टरचं भय बाळगायचं कारण नाही, फक्त आतली चकती उचकटू नये. खरी काळजी रस्त्याच्या कामावर मातीची ओल आणि घनता मोजणाऱ्या यंत्राची. प्रचलित यंत्रात बेरिलियमसोबत ४० मिलिक्युरी अमेरिसियम असतं, म्हणजे चाळीस हजार स्मोक डिटेक्टरांइतकं! त्यातून न्यूट्रॉन निघतात, आणि नुसतं गॅमा मोजणाऱ्या गेटला ते दिसत नाहीत. त्याच यंत्रातला गॅमा किरण सोडणारा दुसरा स्रोत, सीझियम-१३७, शाबूत असला तर गेट वाजेल. तो आधीच कुणी काढून घेतला असेल तर नाही.

भट्टीत गेल्यावर कोबाल्ट पोलादात मिसळतो, सीझियम धुरात आणि धुळीत जातं. अमेरिसियम ऑक्सिजनला घट्ट धरतं, म्हणून ते स्लॅगमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत, उतरतं. माल तपासला तर स्वच्छ, आणि विष बाहेरच्या ढिगात! लोखंड वेचायला तोच स्लॅग घणानं फोडतात, दळतात, धूळ उडते. पोटात गेलेलं अमेरिसियम बहुतेक शौचावाटे निघून जातं, पण फुप्फुसात गेलेली बारीक धूळ रक्तात उतरून हाडांत आणि यकृतात ठाण मांडते, आणि तिथून वर्षानुवर्षं हलत नाही.

म्हणून माझा भरवसा गेटपेक्षा भंगार निवडणाऱ्या माणसांच्या नजरेवर जास्त आहे. पिवळ्यावर तीन पात्यांची खूण, वेल्डिंगनं बंद केलेली स्टीलची छोटी नळकांडी, शिशाचा किंवा जाड प्लॅस्टिकचा जड डबा दिसला की गॅस कटर बंद. वस्तू खिशात घालायची नाही, हलवायचीही नाही. माणसं लांब करून ११२ ला फोन करायचा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवायला सांगायचं.

नळकांडी फुटलीच असेल तर पंखे बंद, झाडू अजिबात नको. तंबाखू मळायची नाही, बिडी ओढायची नाही. वरचे कपडे हळूच उतरवून पिशवीत बांधायचे, हात-तोंड साबणानं धुवायचं, घासायचं नाही. श्वासातून गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना ‘अमेरिसियम’ हे नाव स्पष्ट सांगायचं. त्यावर डीटीपीए हे औषध देतात, ते अमेरिसियमला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पहिल्या चोवीस तासांत मिळालं तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त.